पाणी चढतंय का?

रिवाइंडिंगच्या दुकानाची ओळख आधी नाकाला होते. जळालेल्या कॉइलचा कडवट वास, त्यावर वार्निशचा गोडसर. इचलकरंजीतल्या या दुकानात एका भिंतीला यंत्रमागाच्या एक हॉर्सपॉवरच्या मोटरी रांगेनं बसलेल्या असतात, दुसऱ्या भिंतीला मळ्यातून आलेले, अंगावर चिखल वाळलेले सबमर्सिबल पंप. मधोमध हातानं फिरवायचं, फेरे मोजणारं वाइंडिंग मशीन. दुकानाच्या मालकांना अख्खी गल्ली मामा म्हणते, म्हणून इथंही ते मामाच.

पन्नाशी उलटल्यावर मामांनी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओचा परवाना काढला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर टेलिफोन बंद पडलेल्या भागातून हॅम मंडळींनी निरोप पोचवले, हे त्यांनी तरुणपणी ऐकलं होतं. ते डोक्यात कुठंतरी राहिलं, आणि सख्खी भाची कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सला गेल्यावर वर आलं. दोघांनी मिळून अभ्यास केला, परीक्षा दिली, कॉल साइन मिळवली, वीस वॅटचा एक छोटा रिग, म्हणजे रेडिओ संच, घेतला. तो दुकानावरच्या खोलीत लावला तेव्हा कळलं, की इथं काही ऐकू येणार नाही. खाली माग, शेजारी माग, वर एलईडीचे दिवे आणि इन्व्हर्टर. स्पीकरमधून नुसती घरघर. ४० मीटरच्या बँडवर माणसाचा आवाज त्या घरघरीखाली गाडलेला.

म्हणजे गावाबाहेर पडायचं. आणि बाहेर पडायचं तर मोटरसायकलवर मावेल अशी अँटेना हवी.

इथं थोडा हिशेब सांगायला हवा. भारतात हॅमना ४० मीटरचा बँड ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ असा मिळतो. त्याच्या मध्यावर, ७.१ ला, लहरीची लांबी सव्वाबेचाळीस मीटर. तिची अर्धी तार, म्हणजे डायपोल, बांधायला वीस मीटरची जागा आणि दोन झाडं लागतात. पाव लांबीचा उभा दांडा केला तर झाडं नकोत, पण दांडा दहा मीटरचा, तीन मजल्यांइतका. मामांकडे होता अडीच मीटरचा टेलिस्कोपिक व्हिप आणि खाली लावायला साठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची नळी. एकूण तीन मीटरच्या थोडं वर. दहाच्या जागी तीन. उरलेल्या सात मीटरचं सोंग कॉइलनं वठवायचं.

आखूड दांडा रेडिओच्या नजरेनं पाहिला तर कपॅसिटर असतो. मोटरवाल्याला हे समजावायला फळा लागत नाही. कारखान्यात मोटरी जास्त झाल्या की पॉवर फॅक्टर पडतो, मग मीटरशेजारी कपॅसिटर बसवावे लागतात. इथं त्याच्या उलट: अँटेनाच कपॅसिटर, तिचं उट्टं काढायला कॉइल. भाचीनं वहीत गणित मांडलं, उत्तर आलं एकोणीस मायक्रोहेन्रीच्या आसपास. मामांनी आकडा ऐकला आणि विचारलं, "फेरे किती?"

पहिली कॉइल त्यांनी आपल्या धंद्याच्या वळणानं केली. सव्वीस गेजची बारीक इनॅमल तार, फेऱ्याला फेरा खेटून, वरून वार्निश, मग भट्टीत भाजून कडक. मोटरीत हे सगळं बरोबर आहे. तिथं तार हलली की इनॅमल घासतं आणि मोटर जळते. पण वीस वॅट सोडून पाच मिनिटांनी हात लावला तर कॉइल कोमट. वीस वॅटमधले काही वॅट तिथंच अडकत होते. सात मेगाहर्ट्झला प्रवाह तारेच्या नुसत्या सालीतून वाहतो, त्यामुळे बारीक तारेचा रोध कितीतरी वाढतो. शेजारचे फेरे एकमेकांना खेटले की त्यात भर. वार्निशनं सुद्धा थोडंफार खाल्लं.

दुसरी कॉइल त्यांच्या हाताला विचित्र वाटली. ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, अठरा गेजची तार, दोन फेऱ्यांत तारेच्या जाडीइतकी मोकळी जागा राहील असे अडीच-अडीच मिलिमीटरवर बत्तीस फेरे. जागा सारखी राहावी म्हणून तारेसोबत नायलॉनची दोरी गुंडाळली आणि शेवटी दोरी उलगडून काढली. वार्निश नाही, नुसते अरल्डाइटचे चार उभे पट्टे. मग पॉलिश पेपर घेऊन एका बाजूनं सरळ रेषेत इनॅमल घासून काढलं, खालचं तांबं उघडं पडलं. तिथं क्लिप लावायची. क्लिपच्या खालचे फेरे वापरात नाहीत, ते सरळ शॉर्ट.

याच ठिकाणी मामा अडले. "फेरे शॉर्ट करायचे? हाताने?" तीस वर्षं ज्या दोषाला शोधून शोधून त्यांनी मोटरी उसवल्या, तोच इथं मुद्दाम करायचा. मोटरीत एक फेरा शॉर्ट झाला तर लोखंडाच्या गाभ्यातून सगळं चुंबकत्व त्याच्यावर येऊन आदळतं आणि ती गरम होऊन मरते. या कॉइलला गाभा आहे हवेचा. टोकाचे शॉर्ट फेरे बाकीच्यांशी जेमतेम नातं राखून असतात, थोडं नुकसान करतात. ते उघडे सोडले तर मोकळ्या टोकाला भलताच व्होल्टेज चढू शकतो. मामांनी दोन्ही करून पाहिलं, भाचीच्या नॅनोव्हीएनए या अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर आकडे बघितले आणि शॉर्टच्या बाजूनं निकाल दिला. मनापासून नव्हे.

पहिला खरा डाव पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर मांडला. डिसेंबरचा महिना, गवत वाळून पिवळं पडलेलं, मसाईच्या देवळाकडे जाणारी एखाददुसरी गाडी. पठार म्हणजे जांभ्याचा एकसंध तवा. खुंटी ठोकायला गेलं तर हातोडी परत येते. म्हणून तिवई, तिला तीन बाजूंनी दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकांना दगड. तिवईच्या पायाशी चार तारा चार दिशांना पसरल्या, प्रत्येकी पाच मीटरच्या. या तारांना रेडियल म्हणतात. उभ्या अँटेनाचा अर्धा भाग दांडा असतो, उरलेला अर्धा जमीन. जमिनीतून परत येणाऱ्या प्रवाहाला या तारा वाट करून देतात.

गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मोबाइलचा टावर हाय व्हय?" नाही म्हटल्यावर त्यांचा उत्साह गेला, पण ते बसून राहिले.

मग ट्यूनिंग. आखूड अँटेना जुळवणं म्हणजे चिमटीचं काम. चोविसाव्या फेऱ्यावर क्लिप लावली तर नॅनोव्हीएनएच्या पडद्यावरची दरी, म्हणजे अँटेना जिथं जुळते ती जागा, साडेसात मेगाहर्ट्झच्या वर, बँडच्या पार बाहेर. दोन फेरे वाढवले तर ७.०८. म्हणजे एक फेरा सरकला की दोनशे किलोहर्ट्झचं अंतर, आणि आपला अख्खा बँडच दोनशे किलोहर्ट्झचा. क्लिपनं फक्त मोहल्ला गाठायचा, घर शोधायचं ते व्हिपनं. व्हिपचं वरचं पेर एक सेंटिमीटर आत ढकललं की दरी दहा-पंधरा किलोहर्ट्झ वर जाते.

त्यातही एक गंमत. माणूस जवळ उभा असला तर त्याचं शरीरही त्या कपॅसिटरमध्ये सामील होतं. मामा कॉइलपाशी वाकून जुळवत आणि मागं सरले की दरी निसटलेली. दोन-तीनदा असं झाल्यावर भाची म्हणाली, "तुम्ही हात लावून लांब जावा मामा, मग मी बघतो." (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी बघतो’ म्हणतात, पुण्यात हॉस्टेलला जाईपर्यंत त्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही.) पुढे ठरूनच गेलं: हात लावायचा, पाच पावलं मागं यायचं, आकडा वाचायचा, परत पाच पावलं पुढं. पंधरा मिनिटांत म्हाताऱ्याची गुरंही त्या कवायतीला सरावली. कोॲक्स केबल हातात धरली तरी दरी हलते हे लक्षात आल्यावर केबलही फेराइटच्या कड्यातून दहा वेळा ओवून घेतली. केबलला हात लावल्यावर मोजमाप बदलत असेल तर केबलच अँटेनाचं काम करू लागली आहे असं समजायचं.

शेवटी काटा आला. ७.१ ला एसडब्ल्यूआर १.२. रिगकडून निघालेली ताकद अँटेनाकडून किती परत फिरते याचं हे मोजमाप. १ म्हणजे काहीच परत नाही. १.२ म्हणजे पेढे वाटावेत असा आकडा. आणि दरी चांगली रुंद, बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळीकडे चालेल अशी.

मामांनी सीक्यू, म्हणजे कुणीही उत्तर द्यावं अशी हाक, द्यायला सुरुवात केली. दिल्लीकडचं एक स्टेशन जोरात येत होतं. त्याला हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. कोलकात्याला हाक मारली. तिथूनही काही नाही. तासाभरात एकच क्यूएसओ, म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणं, झाला. त्यातही समोरच्यानं तीनदा "पुन्हा सांगा" म्हटलं.

परतीच्या वाटेवर गाडी चालवताना मामांना आपलंच गिऱ्हाईक आठवलं. पंप दुरुस्त करून नेलेला शेतकरी दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन येतो. मामा अँपिअर मोजतात, करंट बरोबर. व्होल्टेज बरोबर. आवाज बरोबर. शेतकरी म्हणतो, "सगळं बरोबर हाय मामा, पर पाणी चढंना." मग वर काढून बघावं तर इंपेलर झिजलेला किंवा पाइप मध्येच गळका. मोटर करंट घेते, कामही करते. नुसतं पाणी शेतात न जाता विहिरीतच परत पडतं. मीटरला ते कधीच कळत नाही.

त्या रात्री वहीत दुसरा हिशेब झाला. नॅनोव्हीएनएनं जुळलेल्या जागी अँटेनाचा रोध दाखवला होता ४२ ओहम, म्हणून ५० ओहमच्या केबलला ती इतकी गोड लागत होती. पण तीन मीटरच्या दांड्याचा सात मेगाहर्ट्झला विकिरणाचा रोध, म्हणजे खरोखर आकाशात जाणारा हिस्सा, सूत्रानं काढला तर तीन ओहमच्या जवळपास. कॉइलचे चार धरू. मग बाकीचे पस्तीस कुणाचे? जांभ्याचे. वीस वॅटमधला दीड वॅट हवेत गेला, दोन कॉइलनं खाल्ले आणि साडेसोळा वॅटनं मसाई पठार तापवलं. १.२ हा आकडा अँटेनाच्या गुणामुळे आला नव्हता, जमिनीच्या अवगुणामुळे आला होता. रुंद दरी हेही त्याच दुखण्याचं लक्षण.

हॅम मंडळींत एसडब्ल्यूआरची पूजा फार चालते. नवा माणूस अँटेना कशी आहे हे सांगताना आधी तोच आकडा सांगतो, जुनाही सांगतो. तर डमी लोड नावाचं उपकरण असतं: डब्यात बंद केलेला ५० ओहमचा रेझिस्टर. त्याचा एसडब्ल्यूआर कुठल्याही अँटेनापेक्षा चांगला, आणि त्याच्यावर बोललेलं शेजारच्या खोलीतही जाऊ नये हेच त्याचं काम.

रेडियलची ही गोष्ट तशी जुनी. १९३७ साली अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टीन या तिघांनी जमिनीत पुरलेल्या तारांची संख्या बदलत नेऊन प्रक्षेपण मोजलं आणि ते निष्कर्ष छापले. मिडियम वेव्हच्या मनोऱ्याभोवती १२० तारा पुरायचा प्रघात त्यातूनच पडला. मामांनी लहानपणी सांगली आकाशवाणीचा मनोरा लांबून पाहिला होता. रेडिओतली गाणी त्या मनोऱ्यावरून येतात एवढंच तेव्हा ठाऊक. अशा मनोऱ्याचं निम्मं काम मातीखाली चालतं, हे आता पन्नाशीत कळलं.

एकशेवीस तारा मोटरसायकलवर जात नाहीत. सोळा जातात. दुकानात जळालेल्या मोटरींतून निघालेल्या तारेचा ढीग होताच. भंगारात किलोवर जाणारं ते तांबं मामांनी पाच-पाच मीटरचं कापलं आणि चार-चारचे जुडगे करून प्रत्येकाला एकेक लग लावला. आणि या वेळी काट्याऐवजी ऐकणाऱ्यालाच विचारायचं ठरलं. त्यासाठी डब्ल्यूएसपीआर नावाची सोय आहे. पल्सारवरच्या कामासाठी १९९३ चं नोबेल मिळवणारे ज्यो टेलर हे स्वतः हॅम, त्यांनी ती २००८ मध्ये लोकांपुढे आणली. तुमचा रिग दोन मिनिटं एक बारीकसा संदेश पाठवतो. ठिकठिकाणची स्टेशनं तो ऐकून किती डेसिबलनं ऐकू आला ते आपोआप इंटरनेटवर टाकतात. त्यात भीडमुर्वत नाही. माणूस "फाइव्ह नाइन" म्हणतो, कारण तशी रीत आहे. यंत्र म्हणतं उणे २५.

पुन्हा मसाई. आधी चार तारा, एक वॅट, पंधरा-वीस मिनिटं. मग सोळा तारा, तेवढाच वॅट, तेवढाच वेळ. मग पुन्हा चार, पुन्हा सोळा, कारण आयनोस्फिअरचा मूड मध्येच बदलला तर श्रेय तारांना द्यायचं की आकाशाला हे कळत नाही. म्हणजे त्या सकाळी मामांनी जांभ्यावर बारा तारा दोनदा पसरल्या आणि एकदा गोळा केल्या.

सोळा तारा पसरल्यावर भाचीनं पडदा पाहिला आणि तिचा चेहरा पडला. "मामा, बिघडलं की! एसडब्ल्यूआर २.९ झाला."

मामा हसले, कारण त्यांना रोधाचा आकडा हवा होता आणि तो १७ वर आला होता. ४२ मधले पंचवीस ओहम जमिनीनं परत दिले होते. आकाशाचे तीन तेवढेच, पण आता ते सतरातले तीन. मोबाइलवर डब्ल्यूएसपीआरचे आकडे यायला लागले तेव्हा त्याच स्टेशनांकडून सरासरी चारेक डेसिबलची वाढ दिसली, म्हणजे ताकद अडीच पट. वहीतला हिशेबही तेवढाच म्हणत होता. दरी मात्र अरुंद झाली. आधी अख्खा बँड पोटात घेणारी, आता जेमतेम निम्मा. फ्रिक्वेन्सी बदलली की उठून व्हिपकडे जायचं, पाच पावलं पुढं, पाच मागं.

उरलेला २.९ उतरवणं त्यानंतर किरकोळ निघालं. अँटेना मुद्दाम थोडी आखूड ठेवायची, क्लिप अर्धा फेरा वर सरकवून, आणि खाली केबलच्या गाभ्यापासून जमिनीच्या तारांपर्यंत एक छोटी कॉइल जोडायची. एक इंची पाइपावर सहा फेरे, ०.८ मायक्रोहेन्रीच्या आसपास. सतरा ओहम केबलला पन्नास दिसू लागतात. मामांनी ही कॉइल बघून म्हटलं, "ही तर पंपाच्या स्टार्टरसारखी. काम संपलं की विसरून जायचं." काटा पुन्हा १.२ वर आला. तोच आकडा, पण या वेळी जमिनीला न खाऊ घालता आलेला.

त्यातही एक रुखरुख उरली, ती सांगितली पाहिजे. उभी अँटेना आपली ताकद क्षितिजाकडे फेकते, डोक्यावर जवळजवळ काहीच नाही. सकाळी ४० मीटरवर देशी नेट, म्हणजे हॅम मंडळींच्या हवेतल्या बैठका, भरतात, पुणे, बेळगाव, हैदराबाद असे शे-दोनशे-पाचशे किलोमीटरवरचे लोक बोलतात. त्यांच्यापर्यंत जायला लहर जवळपास उभी वर जाऊन खाली यावी लागते. तिथं मामांची ही सगळी मेहनत दोन बांबूंवर ताणलेल्या साध्या तारेपुढे हरते, आणि आजही हरतेच. सोळा रेडियल असोत की एकशेवीस.

मग क्षितिजाकडे तोंड केलेली अँटेना जिथं क्षितिज आहे तिथं न्यावी, हे ओघानंच आलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दोघं आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेले. भाट्ये किनारा, मागं सुरूचं बन, समोर पश्चिमेला नुसतं पाणी. साध्या जमिनीपेक्षा समुद्राचं खारं पाणी विजेला हजारेक पट अधिक वाट देतं. जिथं सोळा तारांनी धाप लागते, तिथं निसर्गानं अरबस्तानापर्यंत एकच पत्रा अंथरून ठेवलेला.

तिवई ओल्या वाळूत रोवली, चारच तारा पाण्याच्या कडेपर्यंत टाकल्या. बँड २० मीटरचा, कारण दुपार कलली होती आणि युरोप उघडायची वेळ होती. त्या बँडला दांडा फारसा आखूड पडत नाही. क्लिप आठव्या फेऱ्याजवळ बसली. एसडब्ल्यूआर सुरुवातीला साडेतीन. भाचीचा चेहरा या वेळी पडला नाही, तिनं न सांगता पिशवीतून छोटी कॉइल काढली. जाळं खांद्यावर घेऊन चाललेले एक गृहस्थ थांबले, व्हिपच्या टोकाकडे बघत म्हणाले, "हा गळ केवढ्या माशाचो?"

इटलीचं एक स्टेशन पहिल्या हाकेला आलं. मग बल्गेरिया, मग मोर्समध्ये फिनलंड. मामा लॉगबुकात लिहीत होते आणि भाची पेन्सिलीनं वाळूत वेळा मांडत होती, कारण वहीचं दुसरं पान वाऱ्यानं धरून ठेवता येत नव्हतं. तासाभरात अकरा क्यूएसओ. रिग तोच, वीस वॅट तेच.

सूर्य पाण्याला टेकायच्या सुमाराला काटा आपोआप चढायला लागला. १.३, १.६, दोन. मामांनी क्लिप तपासली, जोड तपासले, कॉइलला हात लावून पाहिला. भाची म्हणाली, "मामा, पायाखाली बघा." भरती येत होती. पाणी तारांवरून तिवईच्या पायापर्यंत पोचलं होतं आणि जमीन मिनिटामिनिटाला बदलत होती. मामांनी चप्पल हातात घेतली, व्हिप दोन सेंटिमीटर आत ढकलला, पाच पावलं मागं पाण्यातून आले, आकडा वाचला. पुन्हा लाट आली, पुन्हा आकडा हलला.

आता ती कॉइल दुकानात खिळ्याला टांगलेली असते. पीव्हीसीवर मार्करनं खुणा आहेत: मसाई २६, गच्ची २५, भाट्ये ८ आणि त्यापुढं कंसात "ओहोटी". समुद्राहून आल्यावर ती गोड्या पाण्यानं धुवायची राहिली होती, त्यामुळे उघड्या तांब्यावर हिरवी पुटं चढली आहेत. मामा गिऱ्हाईक नसलं की पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन एकेक फेरा घासत बसतात. परवा एक शेतकरी पंप घेऊन आला तेव्हा त्यांच्या हातात ती होती. "ही कुठल्या मोटरीची?" त्यानं विचारलं. मामांनी ती बाजूला ठेवली, पंपाकडे बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "पाणी चढतंय का?"